पंपाच्या ऑटोचं सर्किट काढलंय. उघड्यावर टाकू का?

निव्वळ_न्यूट्रल

मंडळी, हा धागा जरा लांबणार. चहा घेऊन बसा.

आमच्या विहिरीवर ५ एचपीची मोटार आहे. पेटीत स्टार्टरला जोडलेला ऑटो, म्हणजे लाईट आली की तिन्ही फेज तपासून मोटार सुरू करणारा डबा. रात्रपाळीची लाईट असली की अण्णांना काठी-बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागू नये म्हणून चार वर्षांपूर्वी बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळ्यांचं सारखंच आहे.

मार्चमध्ये ऑटोने संप केला. लाईट आली की आतून टक-टक-टक आवाज, स्टार्टर धरतो न धरतो तोच पडतो. द्राक्षं काढणीला आलेली. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "कार्ड गेलं. तीन हजार आठशे." काय गेलंय विचारलं तर, "साहेब, ते आम्हालाबी माहीत नसतं, आम्ही कार्डच बदलतो."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. ते "आम्हालाबी माहीत नसतं" डोक्यात बसलं. जुनं कार्ड घरी आणलं. वरून काळं एपॉक्सी ओतलेलं, डांबरासारखं. हीटगन आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन रात्री खरवडत बसलो. आत काय, तर आयसीवरचे (चिपवरचे) नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेले, कुठली चिप ते कुणाला कळू नये म्हणून! भिंगाखाली ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेने. म्हणजे कुणीतरी रोज बसून हेच काम करतं. त्या माणसाचा पगार आपल्या तीन हजार आठशेत धरलेला आहे.

आणि बिघाड कुठे होता? सप्लायच्या चौकोनी कपॅसिटरमध्ये. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवायला २३० व्होल्ट थेट ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून उतरवलेले (आमच्याकडे न्यूट्रल ओढलेला आहे). या जातीचा कपॅसिटर प्रत्येक झटक्याला आतून थोडा जळतो आणि स्वतःच सावरतो, पण दर वेळी थोडा लहान होतो. मीटर लावला तर ०.१९ उरलेला. ०.४७ असताना त्यातून साधारण ३० मिलिअँपिअर मिळतात, ०.१९ झाला की बारा-तेरा. रिलेलाच (स्टार्टरला चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पंधरा लागतात, वर कंट्रोलरचे (प्रोग्राम चालवणारी चिप) चार-पाच. मग रिले ओढला की व्होल्टेज बसतं, कंट्रोलर बेशुद्ध पडतो, रिले सुटतो, पुन्हा व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढतो. टक-टक-टक. कपॅसिटर बारा रुपयांचा.

तो बदलला, ऑटो चालू झाला. पण चैन पडेना. कार्डाचं पूर्ण सर्किट उतरवून काढलं, कपॅसिटरऐवजी छोटा ट्रान्सफॉर्मर घेतला, कंट्रोलर साधा, पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल असा. संगणकावर किकॅड प्रोग्रामात बोर्ड काढला. एक पीस विहिरीवर तीन महिने चालतोय.

आता प्रश्न. हे सगळं, म्हणजे सर्किट, बोर्डाची फाईल, प्रोग्राम, मोफत उघड्यावर टाकावं असं मला वाटतं. भाचा म्हणतो, "मामा, आठवड्यात कुणीतरी छापून विकायला काढेल, तू बस टाळ्या वाजवत." काय करू? सर्किटचं चित्र खाली जोडलंय.

भोचक_भवानी

रुमाल टाकून ठेवते. समर्थांची ओवी कुणी डकवणार असेल तर आत्ताच उरकून घ्या, म्हणजे पुढचं बोलता येईल.

तापकीर_गल्ली

आमचं दुकान उल्लेखलंत, धन्यवाद ;)

टाका हो बिनधास्त. माझ्या गल्ल्यातला निम्मा माल या उघड्या आराखड्यांवर उभा आहे. रोज पोरं येतात, "काका, आर्डिनो द्या." (आर्डिनो म्हणजे हवा तो प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड.) मी विचारतो, ओरिजिनल की साधा? ओरिजिनल इटलीचा, आणि साधा म्हणजे त्याच आराखड्यावर चीनमध्ये बनलेला. यूएसबीजवळ सीएच३४० लिहिलेली चिप दिसली की समजायचं साधा. बोर्ड बनवणं हा काही गुन्हा नाही, आराखडा त्यांनीच उघडा ठेवलाय. नाव आणि शिक्का मात्र त्यांचा. तो छापला की चोरी. आमच्या गल्लीत दोन्ही प्रकार मिळतात, मी फक्त पहिला ठेवतो (बायको हा धागा वाचते).

आणि तो आराखडा उघडा का ठेवला, माहितीय? २००५ साली इटलीत इव्रेआ नावाच्या गावात एक डिझाइनची संस्था होती. तिथल्या मास्तर-विद्यार्थ्यांनी हा बोर्ड केला. संस्था बंद पडायच्या बेतात होती. ती गुंडाळली की बोर्डही कागदपत्रांत गाडला जाईल, म्हणून सगळं खुलं करून टाकलं. नाव दिलं गावातल्या बारचं! संस्था गेली. बोर्ड बघा, भोरच्या शाळेतही सापडेल.

तळटीप

तापकीर काका, गोष्ट छान, पण अर्धी. त्याच संस्थेत एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ साली 'वायरिंग' नावाचा प्रकल्प प्रबंधासाठी केला होता आणि तोही खुलाच होता. आर्डिनो त्याच्या खांद्यावर उभा राहिला, पण जगाला त्याचं नाव कितीसं कळलं? पुढे खुद्द आर्डिनोवाल्यांतच नावावरून दोन कंपन्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१६ मध्ये समेट झाला. आराखडा वाटता येतो, श्रेय वाटताना माणसं अडखळतात. धागाकर्त्याने पहिल्याच पानावर कुणाचं काय घेतलं ते लिहावं.

एमआयडीसीवाला

मी असले ऑटो बनवतो. वर लिहिलेली कंपनी माझी नाही, पण असती तरी हेच लिहिलं असतं.

नंबर घासणारा माणूस आमच्याकडेही आहे. का, ते ऐका. माझं पहिलं मॉडेल दोन उन्हाळे शेतात चाचणीला ठेवलं. चाळीस पीस फुकट वाटले. प्रत्येक जळालेला पीस स्कूटरवरून परत आणून उघडला. वीज पडलेले, मुंग्यांनी घर केलेले, पालीने दोन फेजमध्ये आडवं पडून स्वतःसकट कार्ड संपवलेलं. त्यातून जे शिकलो ते बोर्डावर आलं. बाजारात आणल्यावर तीन महिन्यांत शेजारच्याच शेडमधून तसाच डबा माझ्यापेक्षा चारशे रुपये कमी किमतीत निघाला. त्याला चाळीस पीस जाळावे लागले नव्हते, म्हणून परवडलं.

मग मीही डांबर ओतायला लागलो. तुम्ही नोकरदार लोक शनिवार-रविवारी दानशूर होता. माझ्याकडे अकरा माणसांचा पगार सात तारखेला द्यावा लागतो. फुकट वाटून कोण मोठं झालंय सांगा.

मास्तरीणबाई

जयपूर फूट, तो कृत्रिम पाय. १९६८ च्या सुमाराला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी केला, पेटंट घेतलं नाही. म्हणून तर इतर ठिकाणच्या कार्यशाळांतही तो बनू शकला.

एमआयडीसीवाला

बाई, ते देणग्यांवर चालतं. मला देणगी कोण देणार?

मास्तरीणबाई

तेही खरं. मग धंद्याचं सोडून माझ्या प्रयोगशाळेतलं सांगते.

मी कोकणात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या कपाटात एक महागडं उपकरण आहे, जाड बिजागऱ्यांचं, 'झाकण उघडल्यास वॉरंटी रद्द' असा लाल स्टिकर लावलेलं. सहा वर्षं बंद आहे. वॉरंटी कधीच संपली, तरी त्या स्टिकरच्या धाकाने कुणी झाकण उघडलं नाही. मीही नाही.

त्याच्या शेजारी एक्स्पआइज ठेवलेलं आहे. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये तयार झालेलं, तळहाताएवढं. संगणकाला जोडलं की ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर सगळं त्यातच. आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही खुले. एका मुलाने इनपुटला नको ते व्होल्टेज दिलं, एक वाहिनी मेली. दुसऱ्याने सर्किटचं चित्र काढून बघितलं आणि दोन तास मीटर घेऊन बसला. मला म्हणाला, "मॅडम, हा अ‍ॅम्प्लिफायर उडालाय, आणि तो का उडाला ते पण सांगू का?" त्या 'का'साठी मी वीस वर्षं वर्गात घसा कोरडा करतेय.

बंद डब्यातूनही प्रयोग होतो, वाचन येतं, जर्नल भरतं. पण वाचन आलं कुठून, ते पोरांना कळत नाही आणि हळूहळू विचारावंसंही वाटत नाही.

भोचक_भवानी

मास्तरीणबाई, आमच्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला होता. कंपनीनेच. तेव्हा कंपन्या काय उपाशी मरत होत्या?

आल्प्सपल्याड

भवानी, तेव्हा नक्कल करायलाही कारखाना लागायचा. आता फाईल पाठवली की आठवड्यात बोर्ड दारात. एमआयडीसीवाल्यांचं दुखणं खोटं नाही. थ्रीडी प्रिंटरच्या जगात हे नाटक दोन्ही बाजूंनी झालंय, मी त्या धंद्यात जर्मनीत नोकरी करतो म्हणून जवळून बघितलंय.

प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर द्यायची पद्धत एका अमेरिकन कंपनीच्या पेटंटमध्ये होती. यंत्रं लाखांत, कारखान्यांपुरती. २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप सुरू केला: असा प्रिंटर, जो स्वतःचे प्लास्टिकचे भाग स्वतःच छापेल. आराखडा सगळ्यांना खुला. मित्राने छापलेल्या भागांतून तुमचा प्रिंटर उभा राहायचा, मग तुम्ही पुढच्याला भाग छापून द्यायचे. २००९ मध्ये ते मूळ पेटंट संपलं आणि धरण फुटल्यासारखं झालं. आज शाळकरी पोरांकडे प्रिंटर आहे तो त्यामुळे.

आता दुसरी बाजू. याच लाटेवर २००९ मध्ये न्यूयॉर्कची मेकरबॉट निघाली. लोकांनी त्यांच्या यंत्रात आपणहून सुधारणा केल्या, फाईली पाठवल्या. २०१२ मध्ये नवं मॉडेल आलं आणि आराखडा बंद! ज्यांनी फुकट राबून दिलं ते संतापले. पुढच्या वर्षी कंपनी विकली गेली, आणि विकत घेणारी कोण? ती पेटंटवालीच. उलट झेक प्रजासत्ताकातला योसेफ प्रुसा. त्याने रेपरॅपचा आराखडा सोपा केला, त्यावर मोठी कंपनी उभी केली आणि वर्षानुवर्षं सगळं खुलं ठेवलं. पण २०२३ मध्ये त्यानेही जाहीर लिहिलं की नकला करणारे घेतात आणि परत काहीच देत नाहीत, असं फार काळ चालणार नाही.

तेव्हा धागाकर्त्या, 'उघड्यावर टाकलं की आपोआप भलं होतं' असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला यातून पोट भरायचंय का? नसेल तर भाच्याची भीती तुम्हाला लागूच होत नाही.

निव्वळ_न्यूट्रल

नाही, पोट नोकरीवर आहे. पण कुणी माझ्याच फाईलवर डांबर ओतून अण्णांना तीन हजार आठशेला विकू नये, एवढी इच्छा आहे.

तळटीप

त्यालाच परवाना म्हणतात. स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेने हार्डवेअरसाठी वेगळा परवाना लिहिलाय, पहिला २०११ मध्ये, दुसरी आवृत्ती २०२० ची. त्यात तीन प्रकार आहेत. कडक प्रकार घ्या. सोप्या भाषेत, हे विरजण आहे. शेजारणीकडून चमचाभर न्या, दही लावा, दही विकासुद्धा. पण तुमच्या दह्याचं विरजण कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. सौम्य प्रकारात ही अट नाही, ज्याचं दही त्याचं. मधला प्रकार दोन्हींच्या मधे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, परवान्याचा जोर तुमच्या फाईलींवर. कुणी सर्किटची कल्पना समजून घेऊन कोऱ्या कागदावर स्वतःचं काढलं तर त्याला अडवता येणार नाही. (तुम्हीही कंपनीच्या कार्डाचं तेच केलंत!) दोन, एकदा जाहीर छापलंत की त्यात काही नवं असेल तर त्यावर उद्या दुसऱ्याला पेटंट मिळणं अवघड. तुम्हालाही मिळणार नाही, हे धरून चला.

पाबळकर

मी पाबळच्या विज्ञान आश्रमात वर्षभर राहून डीबीआरटी, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलाय. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली जागा. अमेरिकेच्या एमआयटीची फॅब लॅब (हवं ते बनवून बघायची कार्यशाळा) बाहेर पडली ती २००२ मध्ये तिथे, आमच्या पाबळला. तिथली सवय सांगतो. काही बनवलं की वही लिहायची. आणि वहीत काय जमलं त्याआधी काय फसलं ते. सर्किट टाकाल तर ती वही पण टाका. नुसतं चित्र म्हणजे पाककृतीतलं फक्त साहित्य.

रुक्ष_अभियंता

चित्र बघितलं. २३० आणि ४१५ व्होल्टचा मामला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. फाईल टाकण्याआधी पुढचं दुरुस्त करा. लोक डोळे झाकून छापतील.

१. फ्यूज व्हॅरिस्टरच्या (व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग) नंतर घेतलाय. व्हॅरिस्टर मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होतो. फ्यूज आधी हवा, नाहीतर पेटीत आग.

२. फेजच्या आणि कंट्रोलरच्या पट्ट्यांत मला जेमतेम २ मिमी अंतर दिसतंय. किमान ६ करा आणि मधे बोर्डाला खाच पाडा. पेटीत धूळ आणि दमट हवा असते.

३. ट्रान्सफॉर्मर घेतलात हे उत्तम. पण फेज तपासायच्या तारा त्याच बोर्डावर थेट येतात, म्हणून 'आता शॉक बसत नाही' असं समजू नका. मोठ्या अक्षरांत लिहा.

निव्वळ_न्यूट्रल

बापरे. पहिला मुद्दा वाचून पोटात गोळा आला, तीन महिने तसाच चाललाय. आजच अण्णांना फोन करून बंद करायला सांगतो.

एमआयडीसीवाला

माझं मत बदललेलं नाही हे आधी लिहून ठेवतो.

पण पोरा, तो आर७ रेझिस्टर. फेज तपासायला १ मेगओहमचा एकच घेतलायस, पाव वॅटचा. तू ज्या कार्डावरून उतरवलंस त्यात तिथे एकच होता का?

निव्वळ_न्यूट्रल

नाही काका. ३३० किलोओहमचे तीन एकापाठोपाठ होते. मला वाटलं, हाताशी असेल ते वापरलं असणार. बेरीज ९९० होते, म्हणून मी एक मेगाचा एकच टाकला. वॅटचं गणित केलं होतं, ०.१७ येतं, पाव वॅटमध्ये बसतं.

एमआयडीसीवाला

वॅट बसतात, व्होल्ट बसत नाहीत. पाव वॅटच्या साध्या कार्बन रेझिस्टरला २५० व्होल्टच झेपतात. तू त्याच्यावर ४१५ टाकलेस, आणि ते शिखराला ५८७ होतात. आज चालेल, सहा महिने चालेल. मग एक दिवस त्याची किंमत हळूहळू बदलायला लागेल, आणि फेज गेलेली असताना तुझा ऑटो म्हणेल फेज आहे. दोन फेजवर मोटार, म्हणजे वाइंडिंग जळून राख. तीन घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला १३८ येतात. कुणीही सुज्ञ माणूस तिथे तीनच घालतो.

माझे चाळीसातले नऊ पीस याच कारणाने गेले. कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. नवव्या मोटारीच्या वाइंडिंगचे पैसे भरले तेव्हा कळलं.

मास्तरीणबाई

म्हणजे चित्र समोर होतं, तीन दिसत होते, तरी 'का तीन' ते चित्रात नव्हतं.

पाबळकर

वही!!

तापकीर_गल्ली

+१. मी आजवर गिऱ्हाईकाला "काही फरक पडत नाही, एकच घ्या" असं किती वेळा सांगितलंय ते आठवून घाम फुटला.

निव्वळ_न्यूट्रल

आठ दिवसांनी परत आलो.

आवृत्ती 'ब' तयार. फ्यूज पुढे घेतला, ६ मिमी अंतर ठेवून खाच पाडली, आर७-आर८-आर९ असे ३३०चे तीन. परवाना सर्नचा कडक, विरजणवाला. सोबत पाबळकरांनी सांगितलेली वही: मराठीत, अकरा पानं. पहिलं पान टक-टक आवाजाचं, म्हणजे ज्यांना नवीन बोर्ड नकोय आणि फक्त बारा रुपयांचा कपॅसिटर बदलायचाय त्यांचंही काम होईल. त्यावर लाल अक्षरांत 'आधी मेन स्विच पाडा, मग पाच मिनिटं थांबा'. शेवटच्या पानावर प्रत्येक भागापुढे तो तिथे का आहे. काही ठिकाणी 'माहीत नाही, मूळ कार्डात होता म्हणून ठेवला' असंही लिहिलंय.

पाच बोर्ड जास्त मागवलेत. रुक्ष_अभियंता, एक तुम्हाला, ठोकून बघायला.

आणि काका, आर७ ते आर९ पुढे तुमचं नाव घालू का?

एमआयडीसीवाला

अजिबात नको. धंदा आहे. डीलर विचारतील.

एमआयडीसीवाला

"एक काका" असं घाल वाटल्यास.

आणि स्टार्टरच्या कॉइलला समांतर रेझिस्टर-कपॅसिटर दिसत नाही चित्रात. तुझ्या रिलेचे पॉइंट एका उन्हाळ्यात चिकटतील. १०० ओहम, ०.१ मायक्रोफॅरड. कपॅसिटर पुरेशा व्होल्ट-रेटिंगचा घे, तिथे कंजुषी नको.

भोचक_भवानी

काका, मग आता तुमच्या कार्डावरचे नंबर?

एमआयडीसीवाला

ते घासलेलेच राहतील.